वेलीवाड्यापर्यंत पोचलेला कॅमेरा

जानेवारी 2016मध्ये हैदराबाद विद्यापीठाच्या वसतिगृहातून काढलेल्या पाच दलित संशोधक विद्यार्थ्यांनी आवारातच उघड्यावर पथारी टाकली. त्या जागेला नाव दिलं 'वेलीवाडा'. तेलुगू गावात वेशीबाहेरच्या दलित वस्तीला हेच म्हणतात. 17 जानेवारीला त्यांच्यातल्या रोहित वेमुलाने जीव दिला. मग वाहिन्यांची झुंबड उडाली. त्या गर्दीबाहेर राहून माहितीपटकार दीपा धनराज यांनी 'वुई हॅव नॉट कम हिअर टु डाय' (2018) हा माहितीपट केला.

हैदराबाद त्यांना नवं नव्हतं. 1983मध्ये इथल्या स्त्री शक्ती संघटनेबरोबर त्यांनी घरातल्या मारहाणीवर 'इदी कथा मात्रमेना' हा तेलुगू लघुपट केला होता. 1984च्या दंगलींवरचा 'क्या हुआ इस शहर को?' (1986) तर शहराच्या पुढाऱ्यांना आजही अडचणीचा वाटावा.

मराठी वाचकाने मात्र याच्याही मागे जायला हवं. 1980मध्ये दीपा धनराज, आभा भैया, नवरोझ काँट्रॅक्टर आणि मीरा राव यांनी 'युगांतर' हा गट काढला. त्याच वर्षी पुण्यातल्या मोलकरणींनी संप केला होता. 'मोलकरीण' (1981) त्यातूनच आला. नंतर ही मंडळी निपाणीला गेली. निपाणी म्हटलं की आपल्याला 1981चं शेतकरी नेते शरद जोशींचं आंदोलन आठवतं, 6 एप्रिलचा गोळीबार आठवतो. तंबाखू पिकवणाऱ्याची ती लढाई होती. तोच तंबाखू वखारीत नाकातोंडात खकाणा घेत कुटणाऱ्या, चाळणाऱ्या बायकांचीही संघटना उभी राहत होती, हे किती जणांना ठाऊक आहे? 'तंबाखू चाकीला ऊब आली' (1982) हा त्या बायकांचा चित्रपट. त्यांच्याबद्दलचा नव्हे, त्यांचा. कारण काय दाखवायचं हे त्यांच्याशी बोलून ठरत गेलं.

हल्ली माहितीपटवाल्यांना 'उपसंस्कृती'चं फार वेड. मोटारसायकलवाल्यांची टोळी, गल्लीतले रॅपर, काहीही चालतं. चार दिवस राहायचं, नवलाईने बघायचं, महोत्सवाला पाठवायचं. मला हा प्रकार हौशी सहलीसारखा वाटतो. दीपाताईंच्या चित्रपटांत कुणाला नमुना म्हणून उभं केलेलं आढळत नाही. वखारीतली बाई आणि वेलीवाड्यातला विद्यार्थी, दोघंही आपलं म्हणणं स्वतः मांडतात. अशा चित्रपटांना नावलौकिक सावकाश मिळतो, पैसा तर त्याहून सावकाश.

'युगांतर'चे चित्रपट डिजिटल रूपात जपले ते बर्लिनच्या आर्सेनल संस्थेने. राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय ज्या पुण्यात आहे, त्याच पुण्याच्या मोलकरणी जर्मनीत सुरक्षित राहिल्या! याची लाज आपल्याला वाटली पाहिजे.

निदान हे चित्रपट दाखवणं तरी आपल्या हातात आहे. हैदराबादेत मराठी संस्था कमी नाहीत. गणेशोत्सवात दरवर्षी तीच नाटकं नि तेच सुगम संगीत होतं. यंदा एक संध्याकाळ 'मोलकरीण' आणि 'तंबाखू चाकीला ऊब आली' या दोन मराठी चित्रपटांना द्या, जोडीला 'क्या हुआ इस शहर को?' दाखवा, आणि कुणाला तरी सांगून दीपाताईंना बेंगळुरूहून बोलवा.