युद्ध संपल्यानंतरचे युद्ध

२ सप्टेंबर १९४५ रोजी टोकियोच्या उपसागरात जपानने शरणागतीच्या करारावर सही केली आणि दुसरे महायुद्ध संपले, असे आपण शाळेत शिकतो. परंतु ज्या कोकणातील घरांतून तरुण मुले पलटणीत गेली होती, त्या घरांचे युद्ध त्या दिवशी संपले काय? आमच्या मते नाही; आणि या गोष्टीची आठवण महाराष्ट्राने, विशेषतः रायगड जिल्ह्याने, ठेवावयास हवी.

या जिल्ह्याला, म्हणजे तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्याला, पराक्रम नवा नाही. माणगाव तालुक्यातील नाईक यशवंत घाडगे यांनी १० जुलै १९४४ रोजी इटलीत प्राणार्पण केले आणि त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. माणगावात त्यांचा पुतळा आहे व तो असणे योग्यच आहे. पण त्याच मराठा पलटणीची एक तुकडी पुढच्याच वर्षी जावा बेटावरील सुराबाया शहरात उतरली, ही गोष्ट किती जणांस ठाऊक आहे?

१७ ऑगस्ट १९४५ रोजी सुकार्नो व हट्टा यांनी इंडोनेशियाचे स्वातंत्र्य घोषित केले. ब्रिटिश सेनापतींनी ते मानले नाही. जपान्यांना निःशस्त्र करणे व छावण्यांतील कैद्यांची सुटका करणे, हे सैन्य पाठविण्याचे सांगितलेले कारण होते. आणि ते काम खरोखर आवश्यकही होते. परंतु त्याच्या आडून डच साम्राज्य पुन्हा गादीवर बसविले जात होते. ऑक्टोबरअखेर सुराबायात चकमकी झडल्या, ब्रिगेडियर मॅलबी मारले गेले आणि १० नोव्हेंबरपासून शहरावर मोठा हल्ला चढविण्यात आला. इंडोनेशिया आजही तो दिवस वीरदिन म्हणून पाळतो. स्वतः पारतंत्र्यात असलेला शिपाई दुसऱ्याच्या स्वातंत्र्यावर बंदूक रोखून उभा राहिला. त्यात दोष शिपायाचा नव्हे. त्याच्या देशाची संमती न घेता त्यास पाठविणाऱ्या सत्तेचा होता.

हा अन्याय प्रथम कोणी ओळखला? पंडित नेहरूंसारख्या नेत्यांनी तर ओळखलाच. पण साध्या खलाशांनीही ओळखला. १८ फेब्रुवारी १९४६ रोजी मुंबईच्या 'तलवार' या नाविक तळावर संप सुरू झाला. तक्रार निकृष्ट अन्नाची व अपमानास्पद वागणुकीची होती. पण मागण्यांत इंडोनेशियातून हिंदी सैन्य परत बोलवावे, हीही एक मागणी होती! रेवस-मांडव्यासमोरच्या त्याच बंदरातील युद्धनौकांवरून ब्रिटिश निशाण उतरले. पाच दिवसांत हा उठाव मिटला, मुंबईत दोनशेहून अधिक नागरिक मेले. तथापि परक्या सत्तेचा हिंदी सैनिकांवरील भरवसा त्यानंतर पूर्वीसारखा राहिला नाही.

स्वतंत्र भारताने जानेवारी १९४९ मध्ये दिल्लीत इंडोनेशियासाठी आशियाई राष्ट्रांची परिषद भरविली. त्याच वर्षाच्या अखेरीस डचांना सत्ता सोडावी लागली. अशा रीतीने सुराबायाचे ऋण काही अंशी फिटले, असे आम्ही मानतो.

आता उरले आहे ते घरचे कर्तव्य. पराक्रमाचे पुतळे उभारणे सोपे असते. जेथे पराक्रम परक्याच्या कामी खर्ची पडला, ती पाने वाचणे कठीण. रायगडच्या जिल्हा परिषदेने व महाविद्यालयांनी गावोगाव जाऊन जुन्या शिपायांची व खलाशांची पत्रे, पेन्शनचे कागद, पदके आणि घरोघरच्या आठवणी एकत्र कराव्यात, अशी आमची सूचना आहे. त्या पिढीतील बहुतेक माणसे गेली. त्यांचे कागदही पेट्यांतून वाळवीच्या स्वाधीन होत आहेत. सैनिकाचे शौर्य सैनिकाचे असते, पण ते कोणाच्या कारणी लागावे हे ठरविण्याची जबाबदारी राष्ट्राची असते. हे ज्यास कळले, तोच देश आपल्या सैनिकांचा खरा मान राखतो.