घोडा कुणाच्या चाऱ्यावर?

पुण्या-मुंबईच्या धनिकांसाठी ज्या घरांच्या जाहिराती निघतात, त्यांत अलीकडे घोडा वरचेवर दिसू लागला आहे. डोंगराच्या कुशीत भूखंड, त्यावर बंगला, हाकेच्या अंतरावर तबेला, वाळू अंथरलेले रिंगण, शिकवायला प्रशिक्षक आणि खराऱ्याला मोतद्दार. मजकुरात दोन शब्द बहुधा ठरलेले असतात : ‘राजेशाही’ आणि ‘वारसा’. अमेरिकेत केंटकीमधील लेक्सिंग्टनच्या किंवा फ्लॉरिडामधील वेलिंग्टनच्या परिसरात अशा घोडेवेड्या श्रीमंतांच्या वसाहती प्रसिद्ध आहेत. तीच जीवनशैली आता मराठी मातीत रुजवायची, आणि वर तिला मराठ्यांच्या अश्वपरंपरेचे तोरण बांधायचे, असा हा घाट आहे.

घोडा पाळण्याला आमचा विरोध नाही. ज्याला परवडते त्याने पाळावा, त्यावर बसावे, पोराबाळांनाही बसवावे. आमचा आक्षेप त्या ‘वारसा’ या शब्दाला आहे. वारसा सांगणाऱ्याने त्यातील देणीही मान्य करायची असतात. ती कोणती, हे पाहण्यासाठी जाहिरातीतल्या हिरवळीपेक्षा परंड्याच्या किल्ल्याजवळ उभे राहणे अधिक उपयोगाचे.

परंडा म्हणजे धाराशिव जिल्ह्यातील सीनेच्या खोऱ्यातले, पावसाची वाट पाहणारे तालुक्याचे गाव. तिथला भुईकोट बहमनी वजीर महमूद गावान याच्या काळातला मानला जातो. 1600 मध्ये अहमदनगर मोगलांच्या हाती गेल्यावर निजामशाहीची गादी काही काळ परंड्यास होती. विजापूरची प्रसिद्ध मुलूखमैदान तोफ 1632 मध्ये तिकडे गेली ती इथूनच. खंदक, दुहेरी तट, बुरूज, तोफा हे सारे आजही पाहता येते. दिसत नाही तो घोडा. ज्याच्या पाठीवर हा सारा व्यवहार चालला, त्याने मागे दगड ठेवला नाही, म्हणून त्याचा विसर पडला.

या दख्खनी दौलतींचे घोड्यावाचून चालत नव्हते आणि उंची घोडा इथे पैदा होत नव्हता. तो अरबस्तान-इराणाकडून चौल, दाभोळ, गोवा अशा बंदरांत उतरे. स्वतः गावान 1453 च्या सुमारास दाभोळला उतरला तो व्यापारी म्हणून. पुढे दरबारात त्याला ‘मलिक-उत्-तुज्जार’, म्हणजे व्यापाऱ्यांचा प्रमुख, अशी पदवी मिळाली. त्याच काळात अफनासी निकितिन हा रशियन व्यापारी एक घोडा घेऊन चौलला उतरला. जुन्नरच्या अधिकाऱ्याने तो हिसकावून घेतला आणि मोठ्या मिनतवारीने तो परत मिळाला. निकितिनने आपल्या वृत्तान्तात दोन गोष्टी टिपल्या आहेत. एक, इथे घोड्यांना साखर आणि तेल घालून शिजवलेली खिचडी चारतात. दुसरी, सरदार-दरकदार अतोनात ऐश्वर्यात राहतात, त्यांच्या पुढे सोन्याच्या साजाचे घोडे चालतात, आणि खेड्यातला माणूस मात्र विपन्न आहे. घोड्याची खिचडी आणि रयतेचे दैन्य एकाच प्रवाशाच्या नजरेस पडावे, हा योगायोग नव्हे. पहिलीचा खर्च दुसऱ्याच्या ताटातून निघत होता. ‘राजेशाही’चा हा जमाखर्च जाहिरातीत येत नाही.

पण दख्खनला दुसराही घोडा ठाऊक आहे. भीमेच्या काठचा, म्हणून तो ‘भीमथडी’. थडी म्हणजे काठ; आणि परंड्याजवळून वाहणारी सीना ही भीमेचीच उपनदी. परदेशी घोडा आणि इथले तट्टू यांच्या संकरातून घडलेले हे जनावर बांध्याने लहान, पण काटक, थोड्या वैरणीवर निभावणारे. मराठ्यांच्या दौडीचा भार मुख्यत्वे अशा घोड्यांनी वाहिला. शिलेदार स्वतःचा घोडा घेऊन येई, बारगिराला तो सरकारी पागेतून मिळे. पण दोघांपुढे प्रश्न एकच असे : आज घोड्याला घालायचे काय?

या प्रश्नाचे गांभीर्य ओळखणारा राजा आपल्याकडे होऊन गेला. 1673-74 च्या सुमारास चिपळूणजवळ पावसाळी छावणीला राहिलेल्या लष्कराच्या अधिकाऱ्यांना शिवाजी महाराजांनी पाठविलेले पत्र सर्वश्रुत आहे. त्याचा आशय असा, की साठवलेला दाणावैरण आताच उधळलात तर ऐन पावसात घोडे उपाशी मरतील; मग तुम्ही कुणब्याच्या घरातले धान्य, गवत, भाजी ओरबाडू लागाल, आणि त्याला तुमच्यापेक्षा मोगल बरे वाटतील. जळती वात उंदराने ओढून नेली तर गवताच्या गंजी पेटतील, इथवरची काळजी त्या पत्रात आहे. घोड्याच्या चंदीचा हिशोब म्हणजे अखेर रयतेशी असलेल्या नात्याचा हिशोब, हे त्याचे सार आहे. मराठ्यांच्या अश्वपरंपरेत वारसा म्हणून मिरवावे असे काही असेल, तर ते हे.

या मोजपट्टीने आजचे चित्र पाहू. 2012 च्या पशुगणनेत देशात सव्वासहा लाख घोडे व तट्टे होती. 2019 मध्ये ती 3 लाख 40 हजारांवर आली. कर्नाल येथील राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोने 2023-24 मध्ये भीमथडीची स्वतंत्र जात म्हणून नोंद केली, ही समाधानाची गोष्ट. पण ती जात आजवर टिकवली कुणी? मेंढरांमागे हिंडणाऱ्या धनगरांनी. त्यांचे अवघे बिऱ्हाड घोड्याच्या पाठीवर चालते. त्या घोड्याला तबेला नाही, पण माळ लागतो, कुरण लागते, गावाचे गायरान लागते. आणि नेमके तेच आटत चालले आहे.

चारशे किलो वजनाच्या घोड्याला दिवसाला सात-आठ किलो सुका चारा आणि तीस-चाळीस लिटर पाणी लागते. खेरीज रिंगणाच्या वाळूवर शिंपण, हिरवळीवर फवारे. 2013 आणि 2019 मध्ये गुरे जगवण्यासाठी चारा छावण्या उघडाव्या लागलेल्या जिल्ह्यातल्या माणसाला हे आकडे समजावून सांगावे लागत नाहीत. त्याने विचारावे, की हे पाणी कुणाच्या विहिरीतले? कुंपण पडले त्या जागी काल कुणाची मेंढरे चरत होती? इथे एक भेद मात्र केला पाहिजे. मराठवाड्यात गायरान कसून पोट भरणारे भूमिहीन दलितही आहेत. त्यांना आणि बंगल्याच्या कुंपणाला एकाच ‘अतिक्रमण’ या शब्दात बसवणे हा अन्याय होईल.

श्रीमंतांचा घोडा समाजाच्या उपयोगी पडूच शकत नाही, असे आम्ही म्हणत नाही. पूनावाला कुटुंबाचा घोडेपैदाशीचा व्यवसाय 1946 पासूनचा. तिथले निवृत्त घोडे हाफकिन संस्थेकडे जात आणि त्यांच्या रक्तद्रवापासून औषधी तयार होत. त्याच दुव्यातून 1966 मध्ये सीरम इन्स्टिट्यूट उभी राहिली. मुंबईत महालक्ष्मीच्या शर्यतीच्या मैदानाचा भाडेपट्टा 2013 मध्ये संपला, आणि 2024 मध्ये सुमारे 211 एकरांपैकी 120 एकर सार्वजनिक उद्यानासाठी देण्याचे ठरले. त्या निर्णयावर वाद झाले, होतीलही. परंतु घोड्यासाठी राखलेल्या जमिनीवर शहराचाही हक्क आहे, ही गोष्ट त्यातून मान्य झाली. जो हक्क मुंबईकराला मिळू शकतो, तो माळावरच्या मेंढपाळाला का नसावा?

तेव्हा ज्यांना घोड्यांच्या देशात राहायचे आहे, त्यांनी खुशाल राहावे. मात्र कुंपण घालण्याआधी जुनी चराईची वाट मोकळी ठेवावी, पाण्याचा हिशोब गावासमोर मांडावा, आणि परदेशी वाणाच्या शेजारी दोन भीमथड्याही बांधाव्यात. एवढे केले तर ‘वारसा’ हा शब्द त्यांच्या तोंडी शोभेल. न केले, तर निकितिनने साडेपाचशे वर्षांपूर्वी पाहिलेले दृश्यच आपण हप्त्यांवर विकत घेत आहोत, असे म्हणावे लागेल.