नवे पान तयार झाल्यावरच जुने हलवा

मराठी-कन्नड शब्दांची एक यादी मी सध्या संगणकावर तयार करतो आहे. डावीकडे मी लिहितो, उजवीकडे छापील पान कसे दिसेल ते दिसते. मजकूर सेव्ह केला की उजवीकडचे पान नव्याने उघडते आणि त्या वेळी ते क्षणभर पांढरेफटक होते. तासभर अशी उघडझाप पाहिली की डोके जड होते. ‘सर, मॉनिटर बदला,’ हा सल्ला लगेच मिळतो. पण बहुतेक वेळा दोष मॉनिटरचा नसतो.

साधारण मॉनिटर सेकंदाला ६० वेळा चित्र दाखवतो, म्हणजे एक चित्र सुमारे १७ मिलिसेकंदांचे. काही प्रोग्रॅम आधी जुने पान पुसतात आणि मग नवे काढायला घेतात. त्याला थोडा जरी वेळ लागला, तरी मधली कोरी खिडकी आपल्याला दिसते.

पडदा म्हणा की कन्नडमध्ये परदे म्हणा, यावरचा उपाय आपल्या जुन्या नाटक कंपन्यांना ठाऊक होता. पुढच्या रंगीत पडद्यासमोर छोटा प्रवेश चाले आणि मागे राजवाडा उभा राही. प्रेक्षकांना रिकामा रंगमंच कधी दिसत नसे. संगणकात यालाच ‘डबल बफरिंग’ म्हणतात. नवे पान आधी मेमरीत पूर्ण काढायचे आणि मग एकदम समोर आणायचे. १९२० बाय १०८० ठिपक्यांच्या पडद्याला यासाठी जेमतेम ८ एमबी मेमरी पुरते.

प्रोजेक्ट करणाऱ्या मुलांनी ध्यानात ठेवावे : जावाच्या ‘स्विंग’मध्ये ही सोय मुळातच चालू असते. डॉटनेटच्या ‘विंडोज फॉर्म्स’मध्ये ‘डबलबफर्ड’ हा पर्याय चालू करावा लागतो. तो चालू केला की खिडकी आधी पुसण्याची विंडोजची सवयही थांबते.

दुसरे कारण फाईलचे. ती अर्धवट लिहून झालेली असतानाच वाचली, तर कोरे पान किंवा चुकीचा संदेश येतो. म्हणून नवी फाईल वेगळ्या नावाने पूर्ण लिहावी आणि मगच तिला मूळ नाव द्यावे. तोवर जुने पान समोर राहू द्यावे. नवे पानही त्याच जागी, त्याच आकारात उघडावे. चाळिसाव्या पानावरच्या वाचकाला पहिल्या पानावर नेऊन सोडू नये.

हे केवळ सोयीचे नाही. अपस्माराच्या काही रुग्णांना चमकणाऱ्या प्रकाशाने झटका येऊ शकतो. म्हणूनच संकेतस्थळांसाठीच्या सुलभतेच्या आंतरराष्ट्रीय नियमांत, एका सेकंदात तीनपेक्षा जास्त वेळा काही चमकू नये, असे सांगितले आहे. प्रत्येक अक्षर टाइप करताच पान ताजे करणाऱ्या प्रोग्रॅमला ही मर्यादा ओलांडायला वेळ लागत नाही.

तेव्हा वाचकहो, घरच्या संगणकावर पान असे लखलखत असेल, तर तीच फाईल आधी दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये उघडून पाहा. चमक गेली, तर मॉनिटरचे पैसे वाचले. आणि मुलगा किंवा मुलगी प्रोग्रॅम लिहीत असेल, तर एवढेच विचारा : ‘जुने पान तू नेमके केव्हा पुसतोस?’