नाव नसलेला डबा



एका वाचकभगिनीचे पत्र आमच्या हाती आले आहे. त्या लिहितात : “आमच्या परसात शंभर कोंबड्या व दोन डुकरे आहेत. विकतचे तयार खाद्य परवडत नाही, म्हणून मका, कोंडा व पेंड घरीच कालवितो. त्यात घालण्यासाठी यजमानांनी तालुक्याच्या बाजारातून दोन प्रकारची पांढरी पूड आणली. दुकानदार तिला अमिनो आम्ल म्हणतो. आम्ल म्हटल्यावर हात लावण्याचे भय वाटते. ही पूड अंगास भाजते काय? आणि घरात लहान मुले असता ती ठेवावी कोठे?”

प्रश्न साधा दिसतो. परंतु दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आम्ही आमच्या घरी फार महाग शिकलो आहो. ते सांगण्यापूर्वी ही पूड म्हणजे काय, ते पाहू.

अंडे, मांस, दूध, डाळ यांतील प्रथिने अमिनो आम्लांची बनलेली असतात. माळेत जसे मणी, तशी प्रथिनात ही आम्ले ओवलेली असतात. प्रथिने घडविण्यास लागणारी मुख्य आम्ले वीस. त्यांपैकी काही शरीर स्वतः तयार करते व काही अन्नातूनच मिळावी लागतात. कोंबडीच्या व डुकराच्या खाद्यात ज्यांची वाण हटकून पडते, ती दोन म्हणजे लायसिन आणि मिथिओनिन. लायसिन हे ड्रेक्सेल या जर्मन शास्त्रज्ञाने १८८९ साली वेगळे काढले आणि मिथिओनिन अमेरिकेत म्युलर यांनी १९२२ च्या सुमारास. दोन्ही प्रथम मिळाली ती दुधातल्या केसीन या प्रथिनापासून. आज लायसिन साखरेच्या वा मळीच्या पाण्यात विशिष्ट सूक्ष्म जंतू वाढवून काढतात, आणि मिथिओनिन बहुतांशी रासायनिक कारखान्यांत बनते.

फळ्या जोडून केलेल्या पिंपाचा एक दृष्टान्त लीबिग या शास्त्रज्ञाच्या नावाने प्रसिद्ध आहे. पिंपाची एक फळी आखूड असेल, तर बाकीच्या कितीही उंच असोत, पाणी त्या आखूड फळीपर्यंतच राहते. मक्यात लायसिन थोडे असते. सोयाबीनच्या पेंडीत ते भरपूर, पण मिथिओनिन कमी. म्हणून मका व सोयापेंड यांवर वाढणाऱ्या कोंबडीची पहिली आखूड फळी मिथिओनिन, तर मुख्यतः धान्यावर वाढणाऱ्या डुकराची लायसिन. आपल्या स्वयंपाकघरातला वरणभात याच नियमाने चालतो. भाताची लायसिनची उणीव डाळ भरून काढते आणि डाळीची मिथिओनिनची उणीव भात. आपल्या आज्यांनी आम्लांची नावे ऐकली नव्हती, पण जोडी मात्र अचूक जमविली होती.

तेव्हा भगिनींच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर असे : नावात आम्ल असले तरी ही पूड तेजाबासारखी नव्हे. तिने त्वचा जळत नाही. फार वेळ हाताळल्यास एखाद्याच्या हातास खाज सुटेल. डोळ्यांत गेल्यास चुरचुरेल व नाकात गेल्यास शिंका येतील. यापेक्षा मोठा उपद्रव थोड्या पुडीने सहसा होत नाही. मग भय कशाचे? भय आहे ते तिच्या रूपाचे. ती साखरेसारखी दिसते, मिठासारखी दिसते, धुण्याच्या सोड्यासारखी दिसते, आणि काही विषारी पुडींसारखीही दिसते.

आता आमच्या घरची गोष्ट. काही वर्षांपूर्वी आम्हीही लायसिनची सुटी पूड आणली आणि दुधाच्या भुकटीच्या रिकाम्या डब्यात भरली. शेजारीच, तसल्याच दुसऱ्या डब्यात, वांग्यांवर फवारण्याची कीटकनाशक पूड होती. दोन्ही डबे आम्ही स्वतः भरले होते. कोणता कोणाचा हे आम्हांस पक्के ठाऊक होते. चिठ्ठी लावावी असे घरच्यांनी दोनदा सुचविले. “उद्या लावू,” असे आम्ही दोनदा म्हणालो. पुढे मृगाच्या पावसात आम्हांस चार दिवस परगावी जावे लागले. पुतण्या मोठा कामसू. काकांचे काम अडू नये म्हणून त्याने खाद्य कालविले. डबा चुकला. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत अकरा कोंबड्या मेल्या, आणि उरलेल्या माना टाकून बसल्या.

कोंबड्यांचे दुःख झाले. पण ते निभले. न निभण्यासारखी गोष्ट ती, जी थोडक्यात टळली. त्याच सकाळी खुराड्यातून काढलेली अंडी धाकट्या नातीसाठी उकडावयास ठेवली होती. पुतण्या धावत आत आला म्हणून ती चुलीवरून उतरली. त्या पोराला कोणी एक शब्दही बोलले नाही. बोलणार तरी कसे? चूक त्याची नव्हती. ज्याने डबा भरला आणि त्यावर नाव लिहिले नाही, त्याची होती, म्हणजे आमची. मेलेल्या कोंबड्या, ती अंडी व ते खाद्य आम्ही विहिरीपासून दूर खोल खड्ड्यात पुरले. खाद्य पुरताना पुतण्या आमच्याकडे पाहत नव्हता, आणि आम्हीही त्याच्याकडे पाहू शकत नव्हतो.

म्हणून दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर येथून सुरू होते. पूड घरात येईल त्या क्षणी, हातपाय धुण्यापूर्वी, डब्यावर चिठ्ठी चिकटवा. कारखान्याचे पोते बहुधा २५ किलोचे असते. दुकानदार ते फोडून किलो-अर्धा किलो पिशवीत बांधून देतो, आणि पुडीचे नाव तेथेच हरवते. यास्तव पोत्यावरचे नाव, शुद्धतेचे प्रमाण व मुदतीची तारीख दुकानातच कागदावर उतरवून घ्या. चिठ्ठीवर तेच लिहा, आणि खाली मोठ्या अक्षरांत लिहा : “जनावरांच्या खाद्यासाठी. माणसांनी खाऊ नये.” शाई ओलीने पसरते, म्हणून पेन्सिलीने लिहा आणि वरून पारदर्शक पट्टी चिकटवा. चिठ्ठी झाकणावर नव्हे, डब्याच्या अंगावर हवी. झाकणांची अदलाबदल होते. चहासाखरेचा किंवा बाळाच्या दुधाचा जुना डबा या कामी मुळीच वापरू नका. घरातल्या अक्षरशत्रू माणसासाठी डब्यावर कोंबडीचे चित्र काढले तरी चालेल.

डबा ठेवावयाचा तो स्वयंपाकघराबाहेर, कुलपाच्या फडताळात, मुलांचा हात पोहोचणार नाही अशा उंचीवर. कीटकनाशके, उंदरांचे औषध व रॉकेल यांच्या शेजारी तर कधीच नाही. त्यांची जागा निराळी आणि कुलूपही निराळे असावे. विहिरीत टाकण्याची जंतुनाशक पांढरी पूड, म्हणजे ब्लीचिंग पावडर, हीही दूर ठेवावी, कारण तिच्या संसर्गाने मिथिओनिन बिघडते. गूळ किंवा मळी लायसिनमध्ये कालवून साठवू नये. साखर व लायसिन यांचा उष्णतेत संयोग होतो, मिश्रण तपकिरी पडते आणि लायसिनचा गुण जनावरास मिळत नाही. या क्रियेचे वर्णन मायार या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९१२ साली केले. भाकरीचा पापुद्रा खरपूस होतो तो याच क्रियेमुळे. भाकरीला जे शोभते, ते साठवणीला शोभत नाही.

ओल ही या पुडीची दुसरी वैरीण. आपल्याकडच्या पावसाळ्यात लायसिन हवेतील ओल ओढून घेते व त्याच्या गुठळ्या होतात. यासाठी डबा घट्ट झाकणाचा हवा आणि चमचा कोरडा हवा. पोते असेल तर ते भिंतीपासून वीतभर दूर, जमिनीवर फळ्या घालून त्यांवर ठेवावे. चुलीची धग व पत्र्याखालचा उन्हाळा टाळावा. नुसत्या कोरड्या गुठळ्या झाल्या म्हणून पूड फेकू नये. फोडून चाळून घ्यावी. मात्र रंग तपकिरी झाला, बुरशी दिसली किंवा आंबूस वास आला, तर ती वापरू नये. मिथिओनिनला मुळातच गंधकाचा वास असतो. तो बिघाडाचा नव्हे.

कालविताना नाकातोंडावर फडके बांधा, पंखा बंद ठेवा आणि वाऱ्याकडे पाठ करा. जवळ दिवा, विडी किंवा चूल नसावी. कोंडलेल्या जागेत पुडीची बारीक धूळ दाट उडाली तर ती पेट घेऊ शकते. खाद्याच्या मोठ्या गिरण्यांतून या धुळीची धास्ती असते. शंभर किलो खाद्यास प्रत्येक पूड साधारण १०० ते २०० ग्रॅम एवढीच लागते. आपल्या खाद्यास नेमकी किती, हे पशुवैद्यांस विचारून ठरवावे आणि तागडीने तोलावे. मूठ हे माप नव्हे. मिथिओनिन जास्त झाल्यास पिले खाणे कमी करतात व त्यांची वाढ खुंटते. तोललेली पूड आधी किलोभर मक्याच्या भरड्यात कालवा, मग ते पाच किलोंत, मग सगळ्यांत. नाहीतर एका कोंबडीस सर्व आणि दुसरीस काहीच नाही, असे होते. काम झाल्यावर हात साबणाने धुवा. डोळ्यांत गेल्यास स्वच्छ पाण्याने दहा-पंधरा मिनिटे धुवा. सांडलेली पूड ओल्या फडक्याने टिपा. ओढ्यात वा विहिरीत लोटू नका. पुडीची रिकामी पोती जाळू नका. मिथिओनिनमधील गंधकाचा धूर छातीस वाईट.

दोन गोष्टी आणखी. ही साधी पूड गाई-म्हशींस घालण्यात पैसा वाया जातो, कारण त्यांच्या पोटाच्या पहिल्या कप्प्यातील जंतू तिचा बहुतेक भाग आधीच फस्त करतात. आणि व्यायाम करणाऱ्या तरुणांनी पोत्यावर अमिनो आम्ल हे शब्द वाचून ती दुधात घालून पिऊ नये. जनावरांची पूड माणसाच्या अन्नाच्या कसोटीने तपासलेली नसते. चुकून कोणी कोणतीही अनोळखी पूड खाल्ली, तर घरी ओकारी काढण्याच्या भानगडीत न पडता त्यास तत्काळ दवाखान्यात न्या, आणि डबाही बरोबर घ्या. डॉक्टर पहिला प्रश्न हाच करतील : काय होते ते? त्या वेळी डब्यावरच्या चिठ्ठीचे मोल कळते.

वाचकभगिनी, आपण विचारले म्हणून हे लिहिले. आज रात्रीचे जेवण झाल्यावर घरातल्या मुलांना हाताशी घेऊन दिवा घ्या आणि फडताळ, माळा, खुराड्याची वळचण पाहून या. नाव नसलेला डबा सापडला आणि आत काय आहे हे शपथेवर सांगता येत नसेल, तर चाखून पाहू नका, हुंगू नका, कोणासही घालू नका. तो बाजूला काढून कृषी अधिकाऱ्यांस दाखवा. ज्याचे नाव ठाऊक आहे, त्यावर ते तेथेच लिहा. आमच्या घरी आता हे काम पुतण्याकडे आहे. मिठाच्या बरणीवरसुद्धा त्याने ‘मीठ’ असे लिहून ठेवले आहे. पाहुणे हसतात. आम्ही हसत नाही.