भोपाळचे तळे आणि नवे भोपाळकर

महानगरातील नोकरदार मध्यमवर्गाच्या मनात अलीकडे एका नव्या स्वप्नाने घर केले आहे. लोकलगाडीतील चेंगराचेंगरी, पगाराचा मोठा हिस्सा गिळणारे घरभाडे, मुले झोपल्यावर घरी परतणारा बाप आणि त्यांच्या आधी उठून डबे भरणारी नोकरदार आई, या साऱ्याला कंटाळलेले कुटुंब एखाद्या मध्यम आकाराच्या, पाण्याकाठच्या शहराकडे आशेने पाहू लागले आहे. २०२० च्या महासाथीत कित्येक कचेऱ्यांचे काम घरातून चालू शकते हे सिद्ध झाले आणि या स्वप्नाला व्यवहाराचा आधार मिळाला. अशा शहरांची नावे निघतात तेव्हा भोपाळचे नाव हमखास येते. काम मिळावे, घर परवडावे आणि संध्याकाळी तळ्याकाठी घटकाभर मोकळा श्वास घेता यावा, ही अपेक्षा गैर नाही. परंतु ज्या तळ्याच्या ओढीने माणसे येतात, त्या तळ्याचे त्यांच्या येण्याने काय होते, हा प्रश्न मात्र फारसा कोणी विचारताना दिसत नाही.

भोपाळचे आकर्षण खोटे नाही, हे प्रथम मान्य केले पाहिजे. कोलांस नदीवर मातीचा बांध घालून अकराव्या शतकात राजा भोजाने निर्माण केलेला बडा तालाब सुमारे ३१ चौरस किलोमीटर पसरलेला आहे; या तळ्यापुढे बाकीची तळी म्हणजे डबकी, अशा अर्थाची म्हणच त्या मुलखात रूढ आहे. त्याच्या काठी श्यामला टेकडीच्या उतारावर चार्ल्स कोरिया यांनी रचलेले आणि १९८२ मध्ये उघडलेले भारत भवन आहे, टेकडीवर मानव संग्रहालय आहे, पलीकडे वनविहार आहे. राज्याचे सचिवालय येथे, अवजड विद्युत साहित्याचा कारखाना येथे, २००८ पासून विज्ञान शिक्षण व संशोधनाची राष्ट्रीय संस्था येथे आणि २०१२ पासून अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थाही येथे. शिक्षक, कारकून, तंत्रज्ञ, परिचारिका यांना काम देणारी आणि वर कलेची व निसर्गाची संगत देणारी शहरे देशात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच असतील.

हुकमाने आलेली पिढी

नोकरीसाठी या तळ्याकाठी येऊन राहण्याची रीत मात्र नवी नाही, आणि तिच्या इतिहासात मराठी माणसाचाही वाटा आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली. तोपर्यंत जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी नागपूर होती. विदर्भाचे आठ जिल्हे द्वैभाषिक मुंबई राज्यात गेले, आणि महाकोशल, मध्य भारत, विंध्य प्रदेश व भोपाळ यांचे मिळून जे नवे मध्य प्रदेश राज्य झाले, त्याची राजधानी भोपाळला आली. नव्या राज्याच्या वाट्याला गेलेल्या सरकारी नोकरांनी नागपुरातील बिऱ्हाडे आवरली आणि फायलींच्या गाठोड्यांमागोमाग ते भोपाळला पोहोचले. ग्वाल्हेर-इंदूरकडील मराठी कुटुंबेही त्यांना येऊन मिळाली. ज्या नव्या वस्तीत या कर्मचारीवर्गाची मोठी सोय करण्यात आली, तिला तात्या टोपे यांचे नाव देण्यात आले, हा योगायोग असला तरी बोलका आहे.

त्यांच्या आधी फाळणीच्या वणव्यातून निसटलेले सिंधी निर्वासित तळ्याच्या उत्तर काठी बैरागढला स्थिरावले होते. त्यानंतर अवजड विद्युत कारखान्यासाठी देशाच्या कानाकोपऱ्यांतून कामगार आणि अभियंते आले. १९५१ मध्ये सुमारे एक लाख वस्तीचे हे शहर २०११ च्या जनगणनेत सुमारे १८ लाखांवर पोहोचले. तात्पर्य, आजचे भोपाळ हे बाहेरून आलेल्यांनीच वाढविलेले शहर आहे आणि उद्याच्या पाहुण्याला दार बंद करण्याचा नैतिक अधिकार तेथे कोणाला क्वचितच असेल.

तथापि त्या पिढीच्या आणि आजच्या येणाऱ्यांच्या परिस्थितीत एक मूलभूत फरक आहे. १९५६ चा कारकून सरकारी हुकमाने आला. त्याच्या इच्छेला त्यात फारसे स्थान नव्हते. पण ज्या सरकारने त्याला आणले, त्याच सरकारने त्याच्यासाठी घरे बांधली, जवळ बाजार वसविला, शाळा काढल्या, रुंद रस्ते आखले आणि दुतर्फा झाडे लावली. ती घरे लहान होती, त्यांची कौले गळत असतील. पण कर्मचाऱ्याने कोठे राहायचे याचा विचार कोणीतरी त्याच्या आधी करून ठेवला होता. आजचा नोकरदार स्वेच्छेने येतो, आणि म्हणून त्याच्या निवाऱ्याचा विचार करण्याची जबाबदारी कोणाचीच राहिलेली नाही. तो प्रश्न बाजाराकडे सोपविण्यात आला आहे. बाजार त्याला जागा देतो ती जेथे जमीन स्वस्त असेल तेथे, आणि देखाव्याची किंमत वसूल करावयाची असेल तर जेथून पाणी दिसते तेथे.

तळे म्हणजे देखावा नव्हे

येथेच या प्रश्नाचे मर्म आहे. बडा तालाब ही शोभेची वस्तू नसून पाण्याची टाकी आहे. कोलार धरणाचे आणि नर्मदेचे पाणी शहरात आले असले, तरी भोपाळच्या मोठ्या भागाची तहान आजही हे तळेच भागवते. तळ्यात पाणी येते ते सुमारे ३६१ चौरस किलोमीटरांच्या पाणलोट क्षेत्रातून, मुख्यतः पश्चिमेकडील सिहोर जिल्ह्याच्या शेतांतून आणि ओढ्यांतून. त्या क्षेत्रात जे पडते ते अखेर तळ्यात उतरते: शेतातील खते व कीटकनाशके, उघड्या जमिनीची माती, वसाहतींचे सांडपाणी. मातीने तळे उथळ होते, सांडपाण्यातील आणि खतांतील द्रव्यांवर शेवाळ व जलपर्णी पोसते, त्या कुजल्या की पाण्यातील प्राणवायू घटतो. ही प्रक्रिया संथ असते; काठावर फिरावयास आलेल्याला संध्याकाळचे लालसर पाणी तेवढे दिसते.

शहराच्या नैऋत्येस नीलबड-रातीबडच्या दिशेने गेल्या काही दशकांत महाविद्यालये आणि वसाहती झपाट्याने उभ्या राहिल्या. शहराच्या मानाने जागा स्वस्त, हवा मोकळी आणि जाहिरातीत तळ्याचे चित्र; नव्या कुटुंबाला आणखी काय हवे? पण या पट्ट्यातील काही ओढे तळ्यालाच मिळतात. जेथे मैल्याची वाहिनी पोहोचलेली नाही, तेथे प्रत्येक नव्या घराचे सांडपाणी उताराने आपला मार्ग शोधते. म्हणजे जो माणूस स्वच्छ पाण्याच्या आणि मोकळ्या हवेच्या ओढीने आला, तोच नकळत स्वतःच्या पेल्यात घाण कालवतो. यात त्याचा दोष किती? त्याने रीतसर पैसे मोजले, रीतसर खरेदीखत केले. दोष आहे तो अशा जागी घर बांधू देणाऱ्या आणि नंतर तेथे गटार न देणाऱ्या व्यवस्थेचा.

हे संकट काल्पनिक नाही. अपुऱ्या पावसानंतर २००९ च्या उन्हाळ्यात तळे इतके आटले की त्याच्या विस्तीर्ण भागात कोरडी भेगाळलेली जमीन दिसू लागली. त्यावेळी हजारो नागरिकांनी श्रमदान करून गाळ उपसला. विद्यार्थी आले, कर्मचारी आले, वृद्धही आले. भोपाळच्या सार्वजनिक जीवनातील तो एक सुंदर प्रसंग होता यात शंका नाही. पण हजार वर्षे टिकलेले तळे दरवर्षी श्रमदानावर टिकवता येत नाही, हा त्यातला धडा होता.

शासनाने काहीच केले नाही असेही म्हणता येणार नाही. जपानच्या कर्जसाहाय्याने १९९५ ते २००४ या काळात तळ्याच्या संवर्धनाची मोठी योजना राबविण्यात आली. २००२ मध्ये बडा आणि छोटा हे दोन्ही तलाव मिळून आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत समाविष्ट झाले. २०२३ मध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने तळ्यातील यांत्रिक पर्यटन नौका बंद करण्याचा आदेश दिला. पिण्याच्या पाण्यावर डिझेलची सहल नको, हे त्यामागचे साधे तत्त्व होते. परंतु नौका थांबविणे सोपे असते, वसाहत थांबविणे कठीण. १९९५ मध्ये लागू झालेल्या शहर विकास आराखड्याची मुदत २००५ पर्यंतची होती. त्याची जागा घेण्यासाठी २०२० मध्ये आणि पुन्हा २०२३ मध्ये मसुदे प्रसिद्ध झाले, हरकती आल्या, आणि ते मसुदेच राहिले. एखाद्या शहराची लोकसंख्या वाढत असताना त्याचा नकाशा जुनाच राहावा, याचा अर्थ तेथील जमिनीचे निर्णय नकाशाबाहेर होतात असाच होतो.

स्वस्त जमिनीची किंमत

माणसाला राहावयास जागा कोठे मिळते, हा प्रश्न जगण्यामरण्याचा असू शकतो हे भोपाळइतके दुसऱ्या कोणत्या शहराला ठाऊक असेल? २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या दरम्यानच्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून सुटलेल्या विषारी वायूने हजारो माणसे मारली. कारखान्यालगतच्या वस्त्यांत दाटीवाटीने राहणाऱ्यांवर त्याचा पहिला घाला पडला. त्यांतील कित्येक जण कामाच्या शोधातच या शहरात आले होते आणि परवडेल तेथे झोपडे बांधून राहिले होते. कारखान्याच्या आवारात पडून असलेला सुमारे ३३७ टन विषारी कचरा पीथमपूरला हलविण्यास २०२५ साल उजाडावे लागले. परिसरातील भूजलात मुरलेल्या विषाचा प्रश्न त्याने सुटलेला नाही. तळ्याकाठचे भोपाळ आणि कारखान्यालगतचे भोपाळ ही दोन शहरे नव्हेत. एकाच्या रमणीयतेची जाहिरात करताना दुसऱ्याचा विसर पडत असेल, तर शहर वसविण्याच्या बाबतीत चाळीस वर्षांत कोणी काही शिकले असे म्हणता येणार नाही.

मग यावर उपाय कोणता? शहराची दारे बंद करणे हा नव्हे, आणि त्याला वाटेल तसे पसरू देणे हाही नव्हे. येणाऱ्यांना शहराच्या आत, पाणलोटाबाहेर, परवडेल अशी घरे मिळाली पाहिजेत, एवढेच त्याचे सरळ उत्तर आहे. परंतु तेही विनाक्लेश नाही. २०१६ मध्ये शिवाजीनगर आणि तुळशीनगर येथील जुन्या सरकारी वसाहती पाडून तेथे स्मार्ट शहर उभारण्याचा बेत झाला, तेव्हा तेथील जुन्या झाडांसाठी नागरिक उभे राहिले आणि प्रकल्प तात्या टोपेनगराकडे वळविण्यात आला. ज्या घरांत १९५६ नंतरची पिढी राहिली, त्यांतील पुष्कळशी घरे त्यासाठी जमीनदोस्त झाली. त्या मोकळ्या जागेवर शिक्षकाला आणि कारकुनाला परवडणारी घरे येतात की केवळ दुकाने आणि मनोरे, यावरून या साऱ्या खटाटोपाची किंमत ठरणार आहे. तीच गोष्ट वाहतुकीची. २०१३ मध्ये मोठ्या खर्चाने सुरू झालेला बसगाड्यांचा स्वतंत्र मार्ग २०२४ पासून उखडण्यात आला. कामावर जाण्यास बस नसेल तर दोन चाकांच्या मागोमाग चार चाके येतात, आणि जी गर्दी मागे टाकून माणूस आला तीच त्याच्या दाराशी येऊन उभी राहते.

येणाऱ्याची जबाबदारीही काही थोडी नाही. महानगरातील कचेरीचा पगार घेऊन मध्यम शहरात राहणारा नोकरदार बहुधा पाहुण्याच्या मनाने राहतो. पुढे कचेरीने परत बोलावले तर तो जाईल, जोडीदाराला त्या शहरात योग्य नोकरी मिळाली नाही तरी जाईल. भोपाळची स्वतःची मुलेही शिक्षणासाठी व नोकरीसाठी पुण्या-बंगळूरची वाट धरतातच. त्यामुळे प्रभागाचा नगरसेवक कोण, आपले सांडपाणी कोठे जाते, विकास आराखड्यावर हरकत केव्हापर्यंत नोंदवावयाची, या गोष्टी त्याला परक्या वाटतात. १९५६ चा कर्मचारी नाखुशीने आला, पण निवृत्त होईपर्यंत राहिला, आणि हळूहळू ते त्याचे गाव झाले. आजचा खुशीने येतो. पण खुशी आटोपली की निघून जाण्याची मुभा राखून येतो. तळ्याला मात्र ही मुभा नाही.

तेव्हा खिडकीतून पाणी दिसते का, हे विचारण्यापूर्वी या घराचे पाणी कोठे उतरते, हे प्रत्येक नव्या भोपाळकराने विचारावे. आणि त्याचे उत्तर देणारा नकाशा शासनाने आणखी विलंब न लावता त्याच्या हाती द्यावा. राजा भोजाने बांध घातला तो पाणी साठविण्यासाठी. त्या बांधामागे साठलेल्या पाण्यावर हजार वर्षे येणाऱ्या प्रत्येकाची तहान भागली. पुढे येणाऱ्यांचीही ती भागावी असे वाटत असेल, तर तळ्याकाठी राहण्याचा हक्क आणि तळे राखण्याचे कर्तव्य ही दोन्ही एकाच खरेदीखतात लिहिली गेली पाहिजेत.