शब्दांआधी चित्र

भगिनींनो, टेंपल ग्रँडिन हे नाव ऐकलंय? अमेरिकेतल्या या बाई साडेतीन वर्षांच्या होईपर्यंत बोलत नव्हत्या. पुढं पशुविज्ञानाच्या प्राध्यापिका झाल्या. पुस्तकं लिहिली ती गुरांवरही आणि स्वतःच्या स्वमग्नतेवरही! १९९५ च्या ‘थिंकिंग इन पिक्चर्स’मध्ये त्या सांगतात, डोक्यात आधी चित्र उमटतं, शब्द मागाहून. म्हणून तर लोंबत्या साखळीला, सावलीला गुरं बुजतात हे त्यांच्या चटकन ध्यानात आलं. सगळीच स्वमग्न माणसं अशी नसतात, हेही पुढं त्यांनीच लिहिलं; मला हे फार भावलं. तेव्हा दहादा सांगूनही मूल ऐकत नसेल, तर ‘हट्टी’ म्हणून धपाटा घालण्याआधी आंघोळ, डबा, दप्तर अशी चित्रं ओळीनं भिंतीवर लावून पाहा बरं! आणि बोलणं लांबलं असेल, तर सासूबाई काहीही म्हणोत, डॉक्टरांना दाखवाच.