सुरी शेवटी, चालणे आधी

कापूस वेचून, शेणाचे घमेले उचलून साठीला आलेल्या चाळीसगाव तालुक्यातल्या बायका गुडघे धरून बसतात. मग धुळ्याची किंवा नाशिकची गाडी पकडली जाते आणि पहिल्याच भेटीत प्रश्न येतो: वाटी बदलायची का?

हा प्रश्न फार लवकर विचारला जातो.

अटलबिहारी वाजपेयींचा डावा गुडघा 2000 साली मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात बदलला आणि ही शस्त्रक्रिया घराघरांत माहीत झाली. ऑगस्ट 2017 मध्ये केंद्राने कृत्रिम सांध्यांच्या किमतींवर मर्यादा घातली. सरासरी दीड लाखाच्या पुढे असलेला कोबाल्ट-क्रोमियमचा सांधा कर वगळून 54,720 रुपयांवर आला. गरिबाला हा मोठाच दिलासा होता. पण स्वस्त झाले म्हणून ते आधी करावे, असे नाही.

झिजेच्या दुखण्यावर पहिला इलाज मांडीच्या स्नायूंचा व्यायाम आणि वजन कमी करणे हाच. एक किलो वजन उतरले, की प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी हलका होतो. दुर्बिणीने गुडघा ‘साफ’ करण्याचे काय? 2002 साली ह्यूस्टनमधल्या चाचणीत नुसती लटकी चीर दिलेल्या रुग्णांनाही तितकाच आराम पडला. वेदनाशामक गोळ्या मात्र वर्षानुवर्षे मनाने घेणे मूत्रपिंडाला महागात पडते.

रात्रीची झोप उडाली, चार पावलेही जड झाली, तर शस्त्रक्रिया जरूर करावी. त्याआधी निदान तीन महिने फिजिओथेरपी मनापासून करा.